सिस्टिक फायब्रोसिस : विशेषोपचार सुविधांचा विलंब आणि रत्नागिरी जिल्हा

प्रस्तावना

राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मेंडेलीय आनुवंशिक विकारांची एक छोटी यादी आहे. हिमोफिलिया, सिस्टिक फायब्रोसिस, सिकलसेल, रंगांधत्व, फिनाइलकीटोन्युरिया आणि थॅलसेमिया ही ती सहा नावे. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. यांपैकी सिकलसेल, थॅलसेमिया व हिमोफिलिया यांच्यासाठी महाराष्ट्रात शासकीय पातळीवर काही ना काही यंत्रणा उभी राहिली. दुसऱ्या क्रमांकाचे नाव मात्र जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत क्वचितच पोहोचले. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना विशेषोपचार मिळण्यास विलंब का होतो आणि तो नेमका कोणत्या पायरीवर होतो, याचा विचार रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे. विलंब म्हटले की अपूर्ण इमारतीचे चित्र डोळ्यांपुढे येते. या आजारात तो त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

आजाराचे स्वरूप

सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात दोष असल्याने हा आजार होतो. हा जनुक १९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या संशोधनातून सापडला. पेशींच्या आवरणातून क्लोराइडची ने-आण करणारे प्रथिन या जनुकावरून तयार होते. ते बिघडले की शरीरातील स्राव घट्ट होतात. फुप्फुसांत चिकट कफ साचतो व त्यात जंतू कायमचे ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबल्याने पाचक विकरे आतड्यापर्यंत पोहोचत नाहीत. मूल भरपूर खाते, पण अंगी लागत नाही. शौचास तेलकट, दुर्गंधीयुक्त होते. आजार अप्रकट जनुकाने येत असल्याने आई-वडील दोघेही वाहक असले तरी स्वतः निरोगी असतात, आणि प्रत्येक गर्भधारणेत अपत्य आजारी निघण्याची शक्यता चारांत एक असते.

डोरोथी अँडरसन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ महिलेने १९३८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा बहुतेक बालके लहानपणीच दगावत असत. आज अमेरिकेत जन्मणाऱ्या रुग्णाचे अपेक्षित आयुर्मान साठ वर्षांहून अधिक धरले जाते. मधल्या काळात घडलेला बदल एखाद्या चमत्कारी औषधाने झाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो पूर्ण खरा नाही. दोषयुक्त प्रथिनाचे काम सुधारणारी औषधे २०१२ नंतर आली, आणि त्यांतील सर्वांत परिणामकारक त्रिऔषधी संयोगाला अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. त्यापूर्वीच्या अनेक दशकांत आयुर्मान हळूहळू वाढत गेले ते वेळेवर निदान, पाचक विकरे, पोषण, प्रतिजैविके, रोजचा छातीचा भौतिकोपचार आणि या सर्वांवर एकत्रित देखरेख ठेवणारी केंद्रे यांमुळे. रत्नागिरीचा विचार करताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण यांतील बहुतेक गोष्टींना प्रचंड खर्च लागत नाही.

भारतात हा आजार नाहीच, अशी समजूत दीर्घकाळ होती. तो गोऱ्या युरोपीय लोकांचा आजार, असे पाठ्यपुस्तकेच सांगत. भारतातील पहिल्या रुग्णाची नोंद १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आणि वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये नियमित काम सुरू झाल्यावर रुग्ण मिळू लागले. शोधणारे मिळाले तेव्हा रुग्ण मिळाले, असे म्हणणेच अधिक योग्य. ब्रिटन व अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांवरून केलेले अंदाज दहा हजार जन्मांमागे एक ते चाळीस हजार जन्मांमागे एक असे आहेत. भारतीय रुग्णांत जनुकीय दोषांचे वैविध्यही अधिक आहे. युरोपीय वंशात सुमारे सत्तर टक्के दोषयुक्त जनुकांत आढळणारे मुख्य उत्परिवर्तन भारतीय मालिकांमध्ये १९ ते ४४ टक्के एवढेच आढळले. त्यामुळे परदेशी रुग्णांसाठी तयार केलेली तयार जनुक-चाचणी येथे अनेकदा अपुरी पडते, आणि निदानाचा मुख्य आधार अजूनही घामाची चाचणी हाच राहतो.

रत्नागिरीतील संभाव्य रुग्णसंख्या

२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. जिल्ह्यात वर्षाला सुमारे वीस हजार बालके जन्मतात असे केवळ हिशेबासाठी गृहीत धरले, तर वरील अंदाजांनुसार वर्षाला दोन, किंवा दोन वर्षांत एक, बालक हा आजार घेऊन जन्माला येईल. पंधरा वर्षांच्या कालावधीत ही संख्या सात-आठ ते तीस अशी होते. संख्या लहान आहे, यात शंका नाही. परंतु ही मुले शून्य नाहीत. मंडणगड ते राजापूर या लांबच लांब पट्ट्यातील नऊ तालुक्यांत ती विखुरलेली असणार, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या कागदपत्रांवर दुसऱ्याच आजाराचे नाव असणार.

ते नाव कोणते, हे सांगणे कठीण नाही. वारंवार न्यूमोनिया, बालदमा, कुपोषण, आणि सर्वांत अधिक वेळा क्षयरोग. खोकला महिनोन्महिने टिकतो, वजन वाढत नाही, छातीच्या क्ष-किरण चित्रात छाया दिसतात. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात डॉक्टरने प्रथम क्षयरोगाचा विचार करणे हे त्याचे कर्तव्यच आहे. अडचण पुढे येते. औषधांचा सहा महिन्यांचा क्रम संपूनही मूल सुधारत नाही, तेव्हा पुन्हा तोच क्रम सुरू होतो. कफाच्या संवर्धनात स्यूडोमोनास हा जंतू मिळाला तर लहान मुलाच्या बाबतीत ती धोक्याची घंटा मानली पाहिजे. पण कफाचे असे संवर्धन होतेच असे नाही.

घामाचा प्रश्न आणि कोकणचे हवामान

या आजाराच्या इतिहासातील एक घटना कोकणाला विशेष लागू पडते. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली असता उष्माघाताने रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांत सिस्टिक फायब्रोसिसची मुले लक्षणीय संख्येने होती. त्या निरीक्षणाचा माग काढत पॉल दि सांत'आन्येझे यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की या मुलांच्या घामात मिठाचे प्रमाण असाधारण असते. घर्मग्रंथींमधून बाहेर पडणारे क्लोराइड पुन्हा शोषून घेण्याचे काम तेच बिघडलेले प्रथिन करीत असल्याने मीठ घामावाटे वाहून जाते. १९५९ मध्ये गिब्सन व कुक यांनी पिलोकार्पिन हे औषध सौम्य विद्युतप्रवाहाने त्वचेत सोडून घाम गोळा करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीच चाचणी आजही प्रमाण मानली जाते. घामातील क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून अधिक असेल तर निदान पक्के होण्याच्या मार्गावर असते. ३० च्या खाली असेल तर आजाराची शक्यता फारच कमी. मधल्या पट्ट्यात पुढील तपास करावा लागतो.

युरोपात जुनी समजूत होती की ज्या बाळाच्या कपाळाचे चुंबन खारट लागते ते फार काळ जगत नाही. कोकणात वैशाखात कोणाचे कपाळ खारट लागत नाही? थंड देशातील आईला जे चटकन जाणवावे ते येथील दमट उकाड्यात सहज झाकले जाते. याउलट, येथील उकाडा आजाराला उघडेही पाडू शकतो. मीठ सतत वाहून गेल्याने मूल मलूल होते, उलट्या करते, आणि रक्तातील सोडियम व क्लोराइड उतरून रक्त अल्कधर्मी होते. जुलाबाने कोरड्या पडलेल्या बालकाचे रक्त सामान्यतः आम्लधर्मी झालेले असते. जुलाब नसताना, एप्रिल-मे महिन्यांत, पाण्याअभावी मलूल झालेल्या बालकाच्या रक्तात क्लोराइड घसरलेले आणि अल्कधर्म वाढलेला दिसला, तर सिस्टिक फायब्रोसिसची शंका घेण्यास तो पुरेसा आधार आहे. भारतीय रुग्णांत हे लक्षण वारंवार नोंदले गेले आहे. त्यासाठी लागणारी रक्ततपासणी कोणत्याही मध्यम रुग्णालयात होते. लागते ती शंका.

शंका आली तरी पुढची पायरी दूर असते. घामाची प्रमाण चाचणी देशात मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांत होते. जिल्हा पातळीवर ती सहसा उपलब्ध नसते. रत्नागिरीहून मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटर. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाल्याने प्रवास सुकर झाला, हे खरे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची कहाणी सर्वश्रुत आहे. आजारी मुलाला घेऊन मुंबईस जाणे म्हणजे चाकरमानी नातेवाइकाच्या खोलीत मुक्काम, बुडालेली मजुरी आणि एकाच फेरीत काम न झाल्यास पुन्हा तोच प्रवास. एका चाचणीसाठी हे करावयाचे, आणि तीही ज्या आजाराचे नाव गावात कोणी ऐकलेले नाही त्याच्यासाठी.

इमारतीचा विलंब : डब्लिन आणि महाराष्ट्र

सिस्टिक फायब्रोसिसच्या विशेष कक्षाला झालेल्या विलंबाचे जगातील सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण आयर्लंडचे आहे. त्या देशात सुमारे एकोणीस व्यक्तींमागे एक वाहक आहे आणि आजाराचे प्रमाण जगात सर्वाधिक मानले जाते. २००५ मधील पोलॉक अहवालाने तेथील मनुष्यबळ व सुविधा तोकड्या असल्याचे स्पष्टपणे दाखविले. मागणी स्वतंत्र खोल्यांची होती आणि तीमागे चैनीचा विचार नव्हता. या रुग्णांच्या फुप्फुसांतील स्यूडोमोनास व बर्खोल्डेरिया हे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि घातक ठरतात. म्हणून एकाच आजाराचे दोन रुग्ण एका दालनात ठेवू नयेत, असा नियम आहे. इतर आजारांत रुग्णांचे मेळावे आधार देतात, येथे तेही टाळावे लागतात. डब्लिनच्या सेंट व्हिन्सेंट्स विद्यापीठ रुग्णालयात विशेष कक्ष देण्याचे शासनाने मान्य केले, पण २००९ मध्ये आर्थिक मंदीच्या काळात ते काम लांबणीवर पडले. रुग्णांनी, त्यांतही ऑर्ला टिन्सली या तरुण रुग्ण-पत्रकार महिलेने, वृत्तपत्रांतून हा प्रश्न लावून धरला. नवी वास्तू २०१२ मध्ये खुली झाली. रुग्ण संघटित, आकडेवारी हाताशी, अहवाल प्रसिद्ध, आणि तरीही सात वर्षे.

महाराष्ट्रात विशेषोपचार रुग्णालयांचा अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), लातूर, अकोला व यवतमाळ येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना सुपर स्पेशालिटी रुग्णालये मंजूर झाली. प्रत्येकी १५० कोटी रुपयांच्या या प्रकल्पांत केंद्राचा वाटा १२० कोटींचा आणि राज्याचा ३० कोटींचा होता. भिंती उभ्या राहणे ही अर्धीच गोष्ट होती. विशेषज्ञांची पदे मंजूर होऊन ती भरली जाणे हे अधिक कठीण ठरले. याच योजनेवरील भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालात पहिल्या टप्प्यातील सहा नव्या आयुर्विज्ञान संस्थांना सुमारे पाच वर्षांचा विलंब झाल्याचे आणि अध्यापकांची निम्म्याहून अधिक पदे रिक्त असल्याचे नमूद आहे. इमारतीला कंत्राटदार मिळतो. बालश्वसनरोगतज्ज्ञाचे तसे नाही.

या दोन उदाहरणांच्या शेजारी रत्नागिरी ठेवली की फरक लक्षात येतो. येथे सिस्टिक फायब्रोसिसचा कक्ष रखडला आहे, असे म्हणता येत नाही. तो कोणी मागितलेलाच नाही. चाचणी जवळ नाही म्हणून निदान होत नाही. निदान नाही म्हणून जिल्ह्याच्या नोंदीत रुग्ण नाही. नोंदीत रुग्ण नाही म्हणून चाचणीची मागणी होत नाही. डब्लिनचा विलंब मोजता आला, कारण त्याला आरंभाची तारीख होती.

धोरणाची दारे

२०२१ मध्ये केंद्र शासनाने दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश दोन ठिकाणी आहे. कफ पातळ करणारे डीएनेज हे औषध दीर्घकालीन परिणामांचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात आहे, तर प्रथिनाचे कार्य सुधारणारी औषधे खर्च अतिशय जास्त असलेल्या व पुरावा अद्याप मर्यादित मानलेल्या गटात आहेत. मे २०२२ मध्ये आर्थिक साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. हे साहाय्य निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फतच मिळते; धोरण जाहीर झाले तेव्हा त्या यादीत महाराष्ट्रातून मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे नाव होते. म्हणजे साहाय्याचे दार उघडे आहे, पण त्यापर्यंत जाण्याची पहिली अट निश्चित निदान ही आहे.

बालकांच्या शोधासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा उपयोग होऊ शकला असता. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याचा देशव्यापी आरंभ महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्या वेळी ठरविलेल्या सुमारे तीस आरोग्यस्थितींच्या यादीत जन्मजात हृदयदोष, दुभंगलेले ओठ, बहिरेपणा, इतकेच नव्हे तर सिकलसेल आणि थॅलसेमियाही होते. सिस्टिक फायब्रोसिस नव्हता. अंगणवाडीत वजन न वाढणारे मूल पथकाला दिसते. त्याची नोंद तीव्र कुपोषण म्हणून होते आणि त्याला पोषण पुनर्वसनासाठी पाठविले जाते. तेथे ते आधाशासारखे खाते, तरीही वाढत नाही, आणि आईने नीट भरविले नाही असा शेरा मिळण्याचा संभव अधिक. त्या आईवर होणारा हा अन्याय कोणत्याही अहवालात मोजला जात नाही.

राज्याची महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या ठराविक उपचारांभोवती रचलेली आहे. सिस्टिक फायब्रोसिसचा खर्च मात्र मुख्यतः घरी होतो : प्रत्येक जेवणाबरोबर विकरांच्या कॅप्सूल, मेदविद्राव्य जीवनसत्त्वे, वाफाऱ्याचे यंत्र व त्यातील क्षारद्रावण, प्रतिजैविके, उन्हाळ्यात वाढीव मीठ. त्यात संपणारी तारीख नाही. शस्त्रक्रियेसारखा एक आकडा लावून हा आजार योजनेत बसविता येत नाही.

आहे त्या रुग्णालयांत काय शक्य आहे

रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३-२४ या वर्षापासून १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेने सुरू झाले. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे वालावलकर रुग्णालय व त्याला जोडलेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्याआधीपासून आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की बालरोग, श्वसनरोग, जीवरसायन व सूक्ष्मजीवशास्त्र हे विभाग अभिप्रेतच असतात. घामाच्या चाचणीस लागतात ते नेमके हेच. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेने स्थानिक बनावटीच्या साध्या उपकरणाने ही चाचणी करून दाखविली आहे, त्यामुळे महागडे आयात यंत्र ही पूर्वअट राहत नाही.

तथापि एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ही चाचणी हाताच्या सवयीची आहे. घाम पुरेसा जमला नाही, गोळा करताना उडून गेला किंवा त्वचेवरील मीठ मिसळले, तर आकडा फसवा येतो. म्हणून ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना केंद्राने वर्षाला किमान पन्नास चाचण्या कराव्यात असे सांगतात. एकट्या रत्नागिरीतून एवढे संशयित येतीलच असे नाही. सिंधुदुर्गची २०११ ची लोकसंख्या ८,४९,६५१ होती आणि तेथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही जिल्ह्यांसाठी एकच चाचणी केंद्र ठेवले तर सरावाचा प्रश्न बराच सुटतो. प्रत्येक जिल्ह्याने आपापले यंत्र मागण्याची जी प्रथा आहे, तिच्याशी हे विसंगत आहे, एवढेच.

दुर्मिळ आजाराची सोय जिल्हा रुग्णालयातच करण्याचा पूर्वानुभव राज्याला आहे. हिमोफिलियासाठी नाशिक, अमरावती, सातारा व ठाणे येथील शासकीय रुग्णालयांत दिवसभराच्या उपचाराची केंद्रे गेल्या दशकात सुरू झाली. स्वतंत्र रुग्णालय बांधावे लागले नाही. काही खाटा, प्रशिक्षित परिचारिका, रक्त गोठविणाऱ्या घटकाचा नियमित पुरवठा आणि वरिष्ठ केंद्राशी संपर्क यांवर ती उभी राहिली. सिस्टिक फायब्रोसिसच्या बाबतीत ब्रिटनमध्ये अशीच सामायिक देखभालीची पद्धत रूढ आहे : मोठे केंद्र वर्षातून ठराविक वेळा रुग्णाला पाहते, मधली देखभाल जवळचे रुग्णालय करते. या रीतीने मुंबईचे केंद्र वर आणि रत्नागिरीचा बालरोग विभाग खाली, अशी साखळी कल्पिता येते. रत्नागिरीत मुलाचे वजन-उंची पाहणे, कफाचे संवर्धन करणे, विकरांची मात्रा ठरविणे आणि आईला पाठीवर थाप देऊन कफ सुटा करण्याचे तंत्र शिकविणे ही कामे होतील. जनुकतपासणी आणि महागड्या औषधांचा निर्णय मुंबईत.

स्वतंत्र खोल्यांचा प्रश्न उरतो. डब्लिनला त्यासाठी नवी वास्तू लागली, कारण तेथे रुग्ण शेकड्यांनी होते. रत्नागिरीत पहिल्या काही वर्षांत निदान झालेली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यांना बाह्यरुग्ण विभागात वेगवेगळ्या वारी बोलाविणे, क्षयरोगाच्या व छातीच्या इतर रुग्णांच्या बाकावर बसू न देणे आणि दाखल करावे लागल्यास एक बाजूची खोली राखून ठेवणे, एवढ्यावर संसर्गाची मुख्य भीती आटोक्यात राहते. हे वेळापत्रक विभागप्रमुखाच्या सहीने लागू होऊ शकते. बांधकाम विभागाकडे त्याची फाईल जावी लागत नाही.